कण्यावरचा हात

आता मी पोरांच्या माना बघते. सकाळी शाळेची पोरं गल्लीतून जातात तेव्हा दारात उभी राहते आणि कॉलरच्या वर कुणाची मान काळपट दिसते का, ते बघते. दिसते. पूर्वी एखादी दिसायची, आता घोळक्यात तीन-चार दिसतात. सून म्हणते, "आई, आत या, लोक काय म्हणतील?" लोकांचं मला काही नाही. ज्यांच्या पोरांच्या माना अशा आहेत त्यांनी घाबरावं, असं मला वाटतं. कुणी घाबरत नाही. मीच घाबरते.

ही खोड मला बायजाक्काच्या घरामुळं लागली.

बायजाक्का माझी शेजारीण. कुपवाडला आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. माझा नवरा माधवनगरच्या गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर आम्ही इकडे सरकलो. तिचा नवरा मारुती इथल्याच एका कारखान्यात लोखंड ओतायच्या कामावर होता. ती जतकडच्या एका वाडीवरची, मेंढरांमागं वाढलेली. उंच, वाळलेली, ढांगा टाकत चालणारी बाई. ती गेली त्याला दोन पावसाळे झाले. मेलेल्या माणसाला चांगलं म्हणायची रीत आहे, पण ती सरळ भांडकुदळ होती. नळाच्या पाण्यावरून माझ्याशी भांडली, वाळवणाच्या जागेवरून भांडली, माझ्या कोंबड्यावरून तर कितीदा. मीही काही कमी नव्हते.

तिचा हात मात्र मला आठवत राहतो.

मेंढरं पाळणारी माणसं जनावराची तब्येत नुसत्या डोळ्यांनी ठरवत नाहीत. लोकर फसवते. ती पाठीवर पंजा ठेवतात आणि कणा चाचपतात. मणके बोटांना टोचले तर जनावर खंगलंय, त्याला बाजूला काढून चारायचं. बायजाक्का माणसांनाही असंच बघायची. कुणाचं पोरगं दारात आलं की बोलता बोलता तिचा पंजा त्याच्या पाठीवर जायचा आणि मानेपासून कमरेपर्यंत एकदा उतरायचा. मग निकाल. "हे भरलंय." नाहीतर, "ह्याच्यात काय न्हाई गं. आई काय करती ह्याची?"

माझ्या थोरल्या नातवाची पाठ चाचपून तिनं मला तोंडावर विचारलं होतं, "इंदे, तुज्या घरात चूल पेटती का न्हाई?"

मी म्हटलं, "माझी चूल बघायला तुला कुणी बोलावलं?"

त्यावर बरेच दिवस आमचं बोलणं बंद होतं.

दुसरी तिची सवय म्हणजे पदराच्या टोकाला भाकरीचा तुकडा बांधलेला असायचा. बाजाराला जाताना, दवाखान्यात जाताना, देवाला जाताना, कायम. एका लग्नात आम्ही पंगतीला शेजारी बसलो होतो. पानात पुरी, बासुंदी, सगळं वाढलेलं. आणि हिचा हात पदराच्या गाठीवर. मी म्हटलं, "अक्का, आता तरी सोड की ती गाठ." ती म्हणाली, "असू दे. हितनं घरापतुर जायाचं हाय."

कारण तिनं एकदाच सांगितलं, तेही भांडी घासता घासता. मोठ्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर होती, नवी लग्न झालेली, पदरात तान्ही पोरगी. कामावर सरकारी सुकडीचं पीठ मिळायचं तेवढंच खाणं. पोरीची पाठ चाचपली की मणके जोंधळ्याच्या दाण्यासारखे मोजता यायचे. एक दिवस मोजायची गरज उरली नाही. "तवापसनं कुणाचा कणा हाताला लागला की मला भ्या वाटतं," ती म्हणाली आणि तवा उपडा घातला. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही आणि मीही विचारला नाही.

पुढं तिला मुलगा झाला, दत्ता. त्याचं लग्न झालं, सुनीता सून म्हणून आली आणि त्यांना एक मुलगी झाली, श्रावणी. पोरगी जन्मली ती हलकी, पावशेर कमी म्हणून डॉक्टरांनी ठेवून घेतलेली. घरी आणल्याबरोबर बायजाक्कानं तिच्या पाठीवर बोट फिरवलं आणि मणके बोटाला टोचले. त्या दिवसापासून तिला एकच काम उरलं. पोरीचा कणा झाकायचा.

सुरुवातीला ठीक होतं. नाचणीची खीर, तूप-भात, मऊ भाकरी दुधात कुस्करून. पोरगी बाळसं धरत होती. मग दत्ताला दोन पाळ्यांची नोकरी लागली, सुनीता पण पॅकिंगच्या कामाला जायला लागली. मारुतीच्या आजारपणात घर पार धुऊन निघालं होतं, दोघांनी कमावल्याशिवाय भागत नव्हतं. सुनीता संध्याकाळी यायची ती भिंतीला धरून चप्पल काढायची. कारखान्यात दिवसभर उभं राहून आलेल्या बाईला भाकरी थाप म्हणायला तोंड लागतं, ते माझ्याकडंही नव्हतं. बायजाक्काच्या हाताला कंप आलेला, तिच्या भाकरीचे तुकडे पडायचे. मग येता येता सुनीता काहीतरी बांधून आणायची. आधी महिन्यातून, मग आठवड्यातून. मग चूल पेटली तर नवल.

आमच्या कोपऱ्यावर पूर्वी एक भडंगवाला होता. आता तिथं ओळीनं गाड्या लागतात. मंचुरियन, तंदूर, मोमो, पिझ्झा, चीज घातलेला वडापाव. कारखाने सुटले की दुचाक्या तिथंच थांबतात. मी हे वाईट चवीचं म्हणत नाही. चवीला चांगलंच असतं, म्हणून तर भीती.

पोरगी आवडीनं खायची आणि आजी समोर बसून बघायची. पोट भरलेलं पोर बघण्यासारखं सुख तिच्या लेखी दुसरं नव्हतं. काय खाते, हे तिनं विचारलंच नाही. खाते, एवढं पुरे. शाळेतून आल्यावर पुडी, अभ्यासाला बसताना पुडी, शेजारी रंगीत पाण्याची बाटली. भिंतीपलीकडून मला पुडी फोडल्याचा आवाज यायचा.

मी एकदा म्हटलं, "अक्का, पोरगी फार फुगलीय."

"तुज्या डोळ्यात भरली व्हय?" ती म्हणाली, आणि संध्याकाळी मीठ-मिरच्या घेऊन पोरीची दृष्ट काढली. माझीच लागली असं धरून. धूर मुद्दाम माझ्या दाराकडं सोडला.

श्रावणीचा जीव मोबाइलमध्ये. त्यात कोरियातली एक पोरगी दिसायची. तिच्यापुढं परातीएवढं भांडं, त्यात लालभडक नूडल्स, आणि ती सुर्रसुर्र आवाज करत एकटी ते सगळं संपवायची. बायजाक्का आणि मी मागून बघत होतो.

बायजाक्कानं विचारलं, "ही कोण गं? हिच्या घरात माणसं किती हायत?"

"एकटीच खाती आजी. लोक बघत्यात."

"आन् कोण हिला थांबीव म्हणत न्हाई?"

"कशाला थांबवतील? तेच तिचं काम हाय."

"खायाचं काम?" बायजाक्का हसली. "आमच्या टायमाला असलं काम निघालं असतं तर अख्खा जत तालुका भरती झाला असता."

आम्ही तिघी हसलो. दुसऱ्या दिवशी तसलंच लाल पाकीट कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेलं होतं, वर कोरियातली अक्षरं. बायजाक्कानंच ते आणून दिलं. श्रावणी घाम पुसत, नाक ओढत खात होती आणि आजी पदरानं वारा घालत होती.

मग ती मान. पोरगी अकरा वर्षांची असेल. मानेच्या मागं काळपट पट्टा आला, मखमलीसारखा जाड, वळीवळीत भरलेला. बायजाक्काला वाटलं मळ. रविवारी ती पोरीला मोरीत बसवायची आणि मान घासायची. आधी डाळीचं पीठ आणि दही. मग लिंबाची साल. मग काथ्या. शेवटी टाच घासायचा दगड. पोरगी ओरडायची, "आजी, दुखतंय," आणि ही ओरडायची, "गप बस, केवढा मळ धरलायस. शाळंत धुळीत लोळतीस काय?" मान लाल व्हायची, कधी सोलून रक्त यायचं, पण काळं जायचं नाही. मी भिंतीपलीकडून ऐकायची. मलाही मळच वाटला. गल्लीतल्या सगळ्या बायकांना मळच वाटला. पोराची मान काळी राहिली तर नाव घरच्या बाईचं जातं, म्हणून बायजाक्का जास्तच घासायची.

पुढच्या वर्षी श्रावणी शाळेत कवायतीला चक्कर येऊन पडली. त्याआधी महिनाभर तिला तहान लागायची, घागरीला तोंड लावायची. काखेत गळू झालं होतं ते बरं होईना. दत्ता कामावर होता, म्हणून बायजाक्का आणि मी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पोरीला वाकवलं, केस बाजूला केले, आणि पहिलं मान बघितली.

"हे कधीपासून आहे?"

बायजाक्का ओशाळली. "मळ हाय बाई तो. लय घासलं. निगत न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी मानेवरचे ओरखडे बघितले. त्यांचा आवाज खाली आला. "आजी, हा मळ नाही. कितीही घासलं तरी जायचा नाही. शरीराला साखर पचेनाशी झाली की मान अशी काळी पडते. रक्त तपासू, पण मला साखरच वाटते."

"साकर म्हाताऱ्यांस्नी हुती," बायजाक्का म्हणाली.

"व्हायची. आता पोरांनाही होते."

ते ऐकून तिनं पोरीच्या पायांकडं बघितलं. साखर म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. मारुतीला साखर होती. कामावर बुटात ठिणगी जाऊन अंगठा भाजला, ती जखम भरलीच नाही. आधी अंगठा काढला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं. शेवटी त्याला दिसत नव्हतं. त्याचा पाय रोज तीच धुवायची, आणि तो वास आमच्या घरापर्यंत यायचा. मारुती तेव्हा साठीचा होता. ही पोरगी बारा वर्षांची. पुढं किती वर्षं ही साखर तिच्या अंगात बसणार, ते अक्काच्या डोक्यात आलं असणार. माझ्या तर आलं.

श्रावणीला मात्र तेवढं कळलं नाही. ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "पण मॅडम, कोरियातल्या मुली एवढं खातात तरी बारीकच आहेत."

"पडद्यावरच्या," बाई म्हणाल्या. "तिकडंही घरोघरी भात, भाज्या, आंबवलेला कोबी असं जेवण होतं. आता तिथं बर्गर आणि तळलेलं चिकन आलंय, आणि तिथलीही पोरं जाड व्हायला लागलीत. तिथल्या डॉक्टरांच्या समोर तुझ्यासारखीच मुलगी बसलेली असेल."

रक्तात साखर निघाली. आम्ही घरी आलो तेव्हा सुनीता आली नव्हती. पोरगी आत जाऊन झोपली. बायजाक्का तिच्याजवळ गेली आणि सवयीनं पाठीवर पंजा ठेवला. मानेपासून खाली गेला, कमरेपर्यंत. मग परत वर. परत खाली, दाबून. मी दारात उभी होते. तिनं हात तसाच ठेवून माझ्याकडं बघितलं.

"इंदे, कणा लागत न्हाई."

मी म्हटलं, "तेच तर तुला पाहिजे होतं."

हे मी बोलले. माझं तोंड असंच आहे. ती चिडली नाही. बाहेर येऊन पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाजारात यापारी बी असाच हात लावतो. कणा हाताला लागला न्हाई, की म्हंतो, झालं हे, घाला गाडीत. जत्रंसाठी बोकड बांधून खायाला घालत्यात बग. तसं केलं मी. माज्या हातानं."

तिचा हात मांडीवर पडला होता आणि ती त्याच्याकडं बघत होती. त्यानंतर तिनं कुणाच्याही पोराच्या पाठीला हात लावलेला मी बघितला नाही. गल्लीतली पोरं सवयीनं जवळ यायची, ही हात पदरात घ्यायची.

तिनं घर उलटं करायला घेतलं. पुड्या बाहेर फेकल्या. कापऱ्या हातानं बाजरीच्या भाकरी करायला बसली, तुकडे पडले तर तुकडे. हुलग्याचं माडगं केलं. श्रावणीनं ताट सरकवलं, "हे मी खाणार न्हाई, वास येतोय." ज्या पोरीला जन्मात नाही म्हटलं नव्हतं, तिला आता प्रत्येक गोष्टीला नाही. पोरगी रडायची, दार आपटायची, म्हणायची, "तूच दिलंस, तूच आणलंस." आजी ताट परत पुढं सरकवायची. सुनीता पोरीची बाजू घ्यायची आणि मग स्वतःच रडायची. दत्ता म्हणायचा, "आये, एकदम बंद करू नगंस, हळूहळू करू." हळूहळू म्हणजे काय, हे त्याला माहीत नव्हतं. गोळ्या चालू होत्या, म्हणजे काम झालं, असं त्याला वाटत होतं. मारुतीच्या वेळीही त्याला तसंच वाटलं होतं.

एक दिवस मेंढरांमागची काठी घेऊन बायजाक्का कोपऱ्यावर गेली आणि बबलूच्या चायनीजच्या गाडीसमोर दगडावर बसली. बबलू आमच्याच गल्लीतला, शिकून नोकरी नाही म्हणून गाडी लावणारा. पोरगा वाईट नव्हता.

तो म्हणाला, "आवं आज्जी, तुमी काठी घिऊन बसल्यावर गिऱ्हाईक भितंय की."

"भिऊ दे. आज न्हाई भ्यालं तर फुडं भ्यायचंच हाय."

"श्रावणीला मी देत न्हाई, शपथ. दत्तादादानं सांगितलंय."

"मग पोरगी खाती कुठं?"

बबलूनं झाऱ्यानं पलीकडं दाखवलं. "तितं. तितं न्हाई दिलं तर मोमोवाल्याकडं. तितं न्हाई तर शाळंच्या दारात. न्हाईतर मोबाइलवर बटन दाबलं की दारात आणून देत्यात. तुमी किती ठिकाणी बसणार आज्जी?"

बायजाक्कानं ओळीकडं बघितलं. सगळ्या गाड्यांवर दिवे लागलेले, सगळीकडं गर्दी, आई-बाप पोरांना उचलून दाखवत होते काय काय आहे ते. ती उठली. बबलूनं तिला पाणी दिलं. ते पिऊन घरी आली आणि माझ्या पायरीवर बसून म्हणाली, "वाडीवर लांडगा यायाचा तवा एका बाजूनं यायाचा, इंदे. कुत्री भुकायची. हितं कोण भुकत बी न्हाई."

तिला शेवटी एकच गोष्ट जमली. डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलं होतं. पोरगी एकटी जायची नाही, लोक हसतात म्हणायची. मग बायजाक्का तिला घेऊन निघायला लागली. संध्याकाळी माधवनगरच्या बाजूच्या रस्त्यानं पुढं पोरगी, मागं काठी घेतलेली आजी, जिभेनं टक्‌टक्‌ करत, अगदी मेंढरू हाकल्यासारखी. कामावरून सुटलेले लोक दुचाक्यांवरून वळून बघायचे. कुणीतरी ओरडलं, "आज्जी, बाजाराला निघालाय काय?" बायजाक्कानं काठी उगारली. बाजार हा शब्द तिला आता सोसत नव्हता. पोरगी कानात मोबाइलची गाणी लावून चालायची, म्हणजे लोकांचं हसणं ऐकू यायचं नाही. चालायची मात्र. थंडीभर चालली. वजनात थोडा उतार पडला असं सुनीता म्हणायची, मला काही दिसत नव्हता.

ह्या चालण्यात बायजाक्का वाळत गेली. पोरीला भाकरी खायला लावायची म्हणून तिच्यासमोर बसून स्वतः एक घास खायची आणि उरलेली पोरीच्या ताटात सरकवायची. ढांगा टाकणारी बाई पाय ओढायला लागली. मी सांगितलं, "मरशील अशानं."

"मरंन की. पर पोरीचा कणा हाताला लागूस्तवर न्हाई."

असं म्हटल्यानं मरण थांबत नाही. ती त्याच उन्हाळ्यात गेली, झोपेत.

जायच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर चालायला गेले होते. ऊन उतरलं होतं. पोरगी पुढं गेली, आम्ही दोघी मागं. ओढ्याच्या पुलाशी आल्यावर बायजाक्का कठड्यावर बसली. तोंड उघडं, छाती भात्यासारखी हलत होती. काठी हातातून पडली.

मी पोरीला हाक मारायला तोंड उघडलं. तिनं माझा दंड धरला. बोटांत अजून जोर होता.

"हाक मारू नगंस. मी बसले कळलं की ती बी बसंल. चालतीया तंवर चालू दे."

पोरीला वाटत होतं आजी मागं आहे. ती मागं न बघता जात होती, गुलाबी कुडतं, डुलत, जड पावलं टाकत. पुढं रस्ता वळतो तिथंही आता गाड्या लागतात. त्यांचे दिवे एकेक करून पेटत होते. तळणीचा वास आमच्यापर्यंत आला. बायजाक्कालाही आला असणार, कारण तिचा हात पदराच्या गाठीवर गेला आणि तिथंच राहिला. दम नव्हता तरी ती जिभेनं हळू टक्‌टक्‌ करत होती, एवढ्या लांबून.

पोरगी वळणापाशी पोचली. तिथं माणसांची गर्दी होती आणि ती त्यात मिसळली.

"इंदे, बग की," बायजाक्का म्हणाली. "थांबली का फुडं गेली?"

माझ्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू, अजून काढला नव्हता. दिव्यांभोवती नुसती वर्तुळं दिसत होती. मी खूप वेळ बघितलं.

"दिसत न्हाई गं अक्का," मी म्हटलं.

तिनं माझा दंड सोडला नाही. टक्‌टक्‌ करत राहिली.